स्पर्धेत नंबर आला नाही, आता लिहू कशाला?

"मॅडम, मला मराठीच धड येत नाही, मी कथा काय लिहिणार?" ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून माझ्याकडे आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पन्नाशी उलटलेली, शाळा-कॉलेज हिंदीतून, मराठी घरात बोलून आलेली. इथल्या मराठी मंडळाच्या कथास्पर्धेत पहिल्यांदाच कथा दिली, नंबर आला नाही. तेव्हापासून झोप उडाली, मंडळात जाणं बंद. घरचे म्हणत, "एवढं काय मनाला लावून घेतेस?" या वाक्याने माणूस आणखी गप्प होतो.

परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद पर्समध्येच होता. तो मोठ्याने वाचायला सांगितला. "सुरुवात पकड घेते. शेवट घाईत उरकला आहे. काही ठिकाणी हिंदी वळण." 'सासूशी विचारलं'खाली पेन्सिलीची रेघ. बाकी काही नाही.

मग कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून दिली. डावीकडे परीक्षकांनी लिहिलेलं, उजवीकडे ताईंना ऐकू आलेलं. उजवी बाजू बघता बघता भरली: तुला मराठी येत नाही, सगळे हसले असतील, या वयात ही हौस कशाला. डावीकडे तीनच वाक्यं, त्यातलं पहिलं कौतुकाचं. ते वाचताना त्या थबकल्या.

भाषेची लाज मात्र जुनी होती. शिंद्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरांच्या बोलीत हिंदी येणारच, त्यात कमीपणा कसला? याच ग्वाल्हेरला 1961 साली मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे, कथालेखिका आणि संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. हे सांगितल्यावर ताई पहिल्यांदा मोकळं बोलल्या.

झोप, भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो. ताईंच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

आधी त्या मंडळात नुसत्या जाऊन बसल्या. पुढच्या खेपेस परीक्षकांना शेवटाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "सून दागिने परत मागते, हे तुम्ही एका ओळीत सांगून टाकलंत. ते दोघींच्या बोलण्यातून येऊ द्या." ताई सध्या तोच प्रसंग लिहिताहेत, सासू-सुनेच्या तोंडी आपल्या घरचीच मराठी ठेवून. पुढच्या स्पर्धेला कथा द्यायची की नाही, हे त्यांनी ठरवलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.