'भांडवल', 'भांडवलसाठा' आणि 'घसारा'

प्रश्न असा आहे: डॉमिनिका या कॅरिबियन बेटावर २०१७ मध्ये आलेल्या चक्रीवादळाबद्दलचा मजकूर मराठीत आणताना 'कॅपिटल स्टॉक'ला काय म्हणावं, 'भागभांडवल' की 'भांडवली साठा'? वादळात जे गेलं त्याला 'घसारा' म्हणता येईल का? आणि 'देशाचं २२६ टक्के भांडवल नष्ट झालं' हे वाक्य बरोबर आहे का?

'भागभांडवल' इथे बसतच नाही. तो कंपनीच्या शेअरचा पैसा. इथे विषय आहे घरं, पूल, धक्के, विजेच्या तारा, होड्या, यंत्रं यांचा. वर्षानुवर्षं फळ देणारी संत्र्याची बागही यात धरतात. घरातला फ्रिज मात्र नाही आणि घराखालची जमीनही नाही, कारण ती कुणी बनवलेली नाही. 'भांडवल' म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे पैसा येतो. पण संस्कृत 'भाण्ड'चे अर्थ भांडं, अवजार, विक्रीचा माल असे आहेत, त्यामुळे वस्तूंसाठी हा शब्द मुळीच परका नाही. बहुतेक वाक्यांत नुसतं 'भौतिक भांडवल' पुरतं. एका वर्षात घातलेली भर, म्हणजे गुंतवणूक, आणि आजवर साचलेलं सगळं, हा फरक दाखवायचा असेल तेव्हाच 'साठा' जोडावा. तोही 'भांडवलसाठा' असा. 'भांडवली साठा' मी टाळतो. 'भांडवली खर्च'सारखं ते साठ्याचं विशेषण होतं आणि साठा नेमका कशाचा हे अंधुक राहतं.

'घसारा' हा आपला फार नेमका शब्द आहे. घासून, वापरून, जुनं होऊन जे मोल उतरतं ते सगळं त्यात येतं. भांडवलसाठा मोजण्याची रूढ रीतही त्यावरच उभी आहे. अर्थतज्ज्ञ रेमंड गोल्डस्मिथ यांनी १९५१ मध्ये ती मांडली: गेल्या वर्षीचा साठा घ्यायचा, त्यातून घसारा वजा करायचा, यंदाची नवी गुंतवणूक मिळवायची. लहान बेटावर यंत्रसामग्री बहुतेक बाहेरूनच येते, म्हणून तिचा हिशेब लावायला आयातीच्या नोंदी फार उपयोगी पडतात.

पण वादळ म्हणजे घसारा नव्हे. छपराचा पत्रा वीस वर्षांत गंजला तर घसारा. एका रात्रीत उडाला तर नुकसान. राष्ट्रीय हिशेबाच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही मोठ्या आपत्तीतली हानी घसाऱ्यात न घेता वेगळ्या खात्यात दाखवतात. घसारा त्या वर्षाच्या उत्पादनातून वजा होतो, कारण तो उत्पादनाचाच खर्च आहे. उडालेलं छप्पर हा कसल्याही उत्पादनाचा खर्च नाही.

आता २२६ टक्के. (डॉमिनिका, डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, लोकसंख्या साधारण सत्तर हजार.) १८ सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ या बेटावर धडकलं. नंतरच्या पाहणीत दोन आकडे वेगवेगळे काढले होते: मोडलेल्या मालमत्तेचे सुमारे ९३ कोटी अमेरिकी डॉलर आणि बुडालेल्या उत्पन्नाचे सुमारे ३८ कोटी. पहिला आकडा साठ्यातला, म्हणजे आजवर साचलेल्यातला; दुसरा प्रवाहातला, म्हणजे ठरावीक काळात येणाऱ्या कमाईतला. त्यांची बेरीज २०१६ च्या देशांतर्गत उत्पादनाच्या २२६ टक्के भरली. म्हणजे हे टक्के भांडवलाचे नाहीतच. शंभराच्या वर भांडवल नष्ट होईलच कसं? भांडवलाचा किती हिस्सा गेला हे सांगायला आधी भांडवलसाठा माहीत हवा. तो उत्पादनाच्या तिप्पट आहे असं नुसतं समजा: मग मोडलेला भाग निम्म्याच्या आसपास येतो. त्यातही मालमत्तेचं नुकसान नव्याने उभारायच्या खर्चात मोजलेलं असतं आणि साठा सहसा घसारा वजा करून मांडतात, त्यामुळे हे प्रमाणही जपूनच वापरायचं.

शब्दांची वाटणीही यातून ठरते. मोडलेल्या वस्तूंसाठी 'नुकसान' ठेवावं. न मिळालेल्या कमाईला 'तोटा' म्हणण्याचा मोह होतो, पण तोट्यात खर्च मिळकतीपेक्षा जास्त असं ध्वनित होतं. 'बुडालेलं उत्पन्न' थोडं लांब आहे, पण अर्थ चोख देतं.

मी ते वाक्य असं लिहीन: 'मारिया वादळात डॉमिनिकाच्या भौतिक भांडवलाचं सुमारे ९३ कोटी डॉलरचं नुकसान झालं आणि सुमारे ३८ कोटींचं उत्पन्न बुडालं; दोन्ही मिळून ही रक्कम देशाच्या आदल्या वर्षीच्या उत्पादनाच्या सव्वादोन पट होती.'