नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन पोर्तुगालला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नोव्हेंबरच्या मध्यावर पोर्तुगालला जायचंय, बरोबर साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, आई शाकाहारी आहे, तर थंडी-पाऊस झेपेल का?

जरूर जा. मी उत्तरेतल्या पोर्तो शहरात राहते आणि मला हा महिना मनापासून आवडतो. फक्त तयारी थंडीची करण्याआधी पावसाची करा. लिस्बनमध्ये दुपारी १७-१८ अंश असतं, रात्री ११-१२. पोर्तोत त्याहून थोडं कमी. स्वेटर आणि जॅकेटवर भागतं. पण नोव्हेंबर हा इथल्या सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक आहे आणि पोर्तोत लिस्बनपेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. अटलांटिकवरून ढगांची एक फळी येते, दिवसभर झोडपते आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. कधी तीन-चार दिवस उघडतही नाही. वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून टोपीवाला रेनकोट घ्या.

खरी थंडी घरात वाजते, आणि हे आधी कुणी सांगत नाही. इथल्या बहुतेक जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं. दगडी भिंती, एकेरी काचेच्या खिडक्या आणि महाबळेश्वरला जुलैत असतो तसा दमटपणा. धुतलेले मोजे दोन दिवस वाळत नाहीत. बाहेर उन्हात जॅकेट काढावंसं वाटतं आणि खोलीत आल्यावर ते परत चढवावं लागतं. त्यामुळे जुन्या वस्तीतल्या सुंदर फोटोंच्या अपार्टमेंटला भुलू नका. खोलीत हीटर आहे का, किती खोल्यांत आहे, हे घरमालकाला लेखी विचारा. आई-बाबा बरोबर असताना मी तर साधं हॉटेलच घेईन.

दुसरी गोष्ट पायांची. लिस्बनचे फुटपाथ छोट्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे आहेत. वर्षानुवर्षं पायांनी घासून ते गुळगुळीत झालेत आणि ओले झाले की उतारावर चांगली तरुण माणसंही घसरतात. रबरी, खाचा असलेल्या तळाचे बूट दोघांनाही घ्या, आणि चढावर टॅक्सी करायला संकोच करू नका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे लिस्बनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेरची ठिकाणं सकाळी करा, संग्रहालयं संध्याकाळकडे ठेवा. कुठला दिवस कुठे, हे मात्र घरून निघताना पक्कं करू नका. इथल्या हवामान खात्याचं, आयपीएमएचं, संकेतस्थळ रोज रात्री बघा. लिस्बनजवळच्या सिंत्राचा पेना राजवाडा डोंगरावर आहे. लिस्बनमध्ये ऊन असतानाही तिथे धुकं असू शकतं, आणि मग ते लाल-पिवळे बुरूज दहा पावलांवरूनही दिसत नाहीत. तिथल्या तिकिटावर वेळ ठरलेली असते, पण नोव्हेंबरात गर्दी कमी असल्यामुळे ते आदल्या दिवशीही बहुधा मिळतं. नाझारे या समुद्रकाठच्या गावातल्या प्रचंड लाटांचंही तसंच, आधी हवामान बघा. समुद्राखालच्या खोल दरीमुळे तिथे लाट उंचावते. २०२० च्या ऑक्टोबरात तिथेच २६.२१ मीटरच्या लाटेवर सर्फिंगचा विक्रम झाला. पण अशा लाटा मोजक्याच दिवशी येतात. एरवी किल्ल्यावरून साधा समुद्र दिसतो.

उघडीप मिळाली तर पोर्तोहून दोरू नदीकाठच्या रेल्वेने पिन्यावला जा. सुमारे अडीच तास लागतात. जाताना उजवीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे. द्राक्षमळ्यांचे उतार तांबूस-पिवळे झालेले असतात, महिन्याच्या मध्यानंतर पानं गळू लागतात, म्हणून हे लवकर उरका.

११ नोव्हेंबरला सांव मार्तिन्यूचा सण असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला या संताने आपला झगा कापून अर्धा दिला आणि तेवढ्यात ऊन पडलं, अशी कथा आहे. या सुमारास येणाऱ्या उबदार दिवसांना लोक त्याचाच उन्हाळा म्हणतात. त्या दिवसांत चौकाचौकात चेस्टनट भाजणाऱ्यांच्या गाड्या लागतात. सालीला चीर देऊन, खडे मीठ टाकून निखाऱ्यावर भाजतात. धुराने आधी डोळे चुरचुरतात, मग कागदाच्या पुडीतून राखेने पांढुरके झालेले गरम चेस्टनट हातात येतात. रताळ्यासारखे गोडसर लागतात. आईंना नक्की आवडतील.

जेवणात मात्र त्यांना जपावं लागेल. काल्दु वेर्द हे बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप वरून शाकाहारी दिसतं, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते. गोव्यातल्या चोरीसच्याच जातीचं. ‘मांस नाही, मासे नाहीत’ हे पोर्तुगीजमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज खाल्ले तर त्यांचे पैसे लागतात. नको असतील तर परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. लिस्बनच्या मार्तिम मोनिझ भागात डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं.

तुमच्या जागी मी असते तर मुक्काम लिस्बनलाच ठेवला असता आणि पोर्तोचं हॉटेल रद्द करता येईल असं घेतलं असतं. उत्तरेत पाऊस ठाण मांडून बसला तर रेल्वेने दक्षिणेला फारोकडे निघा. लिस्बनहून साधारण तीन तास लागतात, आणि तिथे ऊन मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.