जुळे सोलापुरात घरावर एक मजला चढवायचाय, परवानगी लागते का?

लागतेच. आधी जुना मंजूर नकाशा शोधा, सगळं त्यावरच ठरतं. आमच्या नकाशात जिन्याशेजारी तीन फूट मोकळी जागा दाखवलेली, प्रत्यक्षात तिथे वडिलांनी बांधलेलं न्हाणीघर! ते नियमित करण्यातच चार महिने गेले. अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत महापालिकेकडे जातो. सोबत सिटी सर्व्हे उतारा (जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी कागद), कराची पावती. सामासिक अंतर (घराभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे मोजतात. जुना पाया वरचा भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्याच, यात पैसे वाचवू नका. परवाना वर्षभर चालतो, तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर मुदत वाढवून घ्यावी लागते. शेजाऱ्यांनाही नकाशा आधीच दाखवा. आणि मंजुरी हातात पडेपर्यंत वाळूची गाडी मागवू नका.