पुण्यातल्या आमच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये चर्चेचे विभाग कसे पाडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन-अडीचशे हौशी फोटोग्राफरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गुड मॉर्निंगपासून लेन्सच्या भावापर्यंत सगळं एकाच ठिकाणी येऊन पडतं, म्हणून ॲडमिन मंडळींनी चौदा विभागांची यादी काढली आहे. लँडस्केप, पोर्ट्रेट, स्ट्रीट, मॅक्रो, पक्षी, किल्ले, सण-उत्सव, ब्लॅक अँड व्हाइट, मोबाइल, नवशिके आणि वर कॅनन, निकॉन, सोनी, फुजी. ही यादी बरोबर आहे का, आणि नसेल तर ॲडमिनना कसं पटवायचं?

पुण्यातल्याच अशा एका ग्रुपची व्यवस्था मी काही वर्षं बघतोय. माझं मत विचाराल तर यादी बाजूला ठेवा. फोटोत काय आहे हे बघून विभाग पाडू नका, तो टाकणाऱ्याला काय हवंय हे बघून पाडा.

समजा आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढतेय आणि तुमच्यातल्या कोणीतरी वरच्या वळणावरून फोटो काढला. डोंगर आणि ढग आहेत म्हणजे लँडस्केप. रस्ताभर माणसं आहेत म्हणजे स्ट्रीट. वारी म्हणजे सण-उत्सव. काढला मोबाइलवर, नंतर रंग उडवले, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटसुद्धा. आता त्याने टाकायचा कुठे? एक तर तो पाच ठिकाणी टाकेल, नाहीतर एका ठिकाणी टाकेल आणि ‘हा इथे कशाला?’ म्हणून कोणीतरी त्याला सुनावेल. फोटोबद्दल बोलायचं राहूनच जाईल. त्यालाच विचारा की बाबा, तुला काय पाहिजे, तर उत्तराला वेळ लागत नाही. नुसता दाखवायचाय. किंवा आभाळ पांढरंफटक पडलंय, ते कसं सावरायचं हे विचारायचंय. किंवा हा प्रदर्शनाला देण्यासारखा आहे का, याबद्दल खरं मत हवंय. हे तीन वेगळे विभाग आहेत, आणि कुठला आपला हे टाकणाऱ्याला आधीच माहीत असतं.

विषयवार विभागांची सवय आपल्याला स्पर्धांनी लावली आहे. आंतरराष्ट्रीय सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धांमध्ये, रंगीत, मोनोक्रोम (एकरंगी), नेचर, ट्रॅव्हल असे विभाग असतात. परीक्षकाला सारख्याशी सारखं ताडून बघायचं असतं, त्यामुळे तिथे ते लागतातच आणि त्यांच्या व्याख्याही काटेकोर असतात. फिआप (फोटोग्राफी संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ), अमेरिकेची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी नेचरची एक सामाईक व्याख्या केली, ती २०१५ पासून लागू आहे. त्यात फोटोत काही घालता येत नाही, काढता येत नाही, इकडचं तिकडे करता येत नाही, क्रॉप, म्हणजे कडा छाटणं, चालतो. पाळीव जनावरं आणि लागवड केलेली झाडं-फुलं चालत नाहीत. माणसाच्या खुणा निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असतील तरच चालतात. म्हणजे एम्प्रेस गार्डनमधला गुलाब कितीही देखणा असला तरी नेचरमध्ये बाद. मोनोक्रोमचंही तसंच. अख्ख्या फोटोला एकाच रंगाची छटा दिली तर तो मोनोक्रोम राहतो, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत एक छत्री तेवढी लाल ठेवलीत की तो रंगीत विभागात गेला. सलॉनला फोटो पाठवणाऱ्याला हे पाठ पाहिजे. पण रोजच्या बोलण्याला हीच फूटपट्टी लावलीत तर तो गुलाबवाला पुन्हा फोटो टाकायचा नाही.

कॅमेऱ्याच्या कंपनीवरून पाडलेले विभाग तर मला अजिबात पटत नाहीत. शटर स्पीडचा हिशेब सगळ्यांचा सारखाच. कंपनीगणिक वेगळे असतात ते मेन्यू, ऑटोफोकसच्या सेटिंग आणि लेन्सचे माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा). एवढ्यासाठी चार खोल्या कशाला? फुजीच्या खोलीत तीन माणसं एकमेकांचे फोटो लाइक करत बसतील. मोबाइलवाल्यांना वेगळं काढणं तर सरळ अपमान आहे, भले तुमचा हेतू चांगला असेल. आणि ‘नवशिके’ नावाच्या विभागात अनुभवी माणूस कधी फिरकत नाही, म्हणजे उत्तर ज्याला येतं तोच तिथे नसतो. त्याऐवजी ‘विचारा’ एवढंच नाव द्या. तिथे आयएसओ म्हणजे काय हा पहिल्या दिवसाचा प्रश्नही चालेल आणि फोकस स्टॅकिंगसारखा अवघडही.

मग ठेवायचं काय? दाखवा, अभिप्राय, विचारा, भटकंती, पक्षी-प्राणी, खरेदी-विक्री आणि कट्टा. यात पक्षी-प्राणी कसं आलं, आत्ताच तर विषयवार नको म्हणालात, असं तुम्ही विचाराल. त्याकडे येतोच. आधी अभिप्राय, कारण ग्रुप चांगला आहे की नाही ते तिथे ठरतं.

पुण्यात अभिप्राय मागावा लागत नाही, तो मिळतोच. म्हणूनच तो मागणाऱ्यांची जागा वेगळी हवी. ‘दाखवा’मध्ये कोणी सिंहगडाचा सूर्योदय टाकला तर तिथे ‘क्षितिज वाकडं आहे’ असं लिहायचं नाही, हा नियम लेखी असू द्या. लिहायचा मोह आवरत नसेल तर त्या माणसाला खाजगीत विचारा, चालेल का म्हणून. ‘अभिप्राय’मध्ये मात्र उलटं: नुसतं ‘मस्त’, ‘अप्रतिम’ आणि अंगठा चालणार नाही. फोटो टाकणाऱ्याने काय साधायचा प्रयत्न केला ते एका वाक्यात लिहायचं आणि नेमका एक प्रश्न विचारायचा. शटर, ॲपर्चर, आयएसओ या कॅमेऱ्याच्या सेटिंग सोबत द्यायच्या. दिवसाला एकच फोटो. स्वतःचा टाकण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी दोन फोटोंवर लिहिलेलं असलं पाहिजे. ही शेवटची अट जाचक वाटते, पण तिच्यामुळेच तो विभाग चालतो; नाहीतर सगळे टाकणारेच आणि बघणारं कोणी नाही.

तिथे एक तांत्रिक भानगड आहे. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली एक्झिफ माहिती (सेटिंग, तारीख, जागा अशा फाइलमधल्या नोंदी) उडते. एचडी निवडलं तरी मूळ फाइल जात नाही. त्यामुळे शार्पनेस किंवा नॉइजबद्दल (फोटोतल्या दाण्यांबद्दल) मत देणारा मुळात व्हॉट्सॲपने केलेल्या नुकसानाबद्दल बोलत असतो. ‘अभिप्राय’मध्ये फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचा असा नियम करा, मग फाइल जशीच्या तशी जाते.

आणि पक्षी-प्राण्यांचा विभाग वेगळा हवा तो नेमका याच कारणाने. जशीच्या तशी गेलेली फाइल जागेची माहितीही सोबत नेते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जीपीएसचे आकडे फोटोतच बसलेले असतात. दिवे घाटाच्या फोटोत ते असले तर कोणाचं काही जात नाही. पण बारामती-इंदापूरकडच्या माळरानावर लांडगीने पिल्लं ठेवलेली जागा, किंवा वेताळ टेकडीवर घुबड रोज ज्या फांदीवर बसतं ती फांदी दोनशे लोकांच्या हातात गेली, की पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्यांच्या यादीत आहे, हे गाडी माळावर घालताना कोणाच्या लक्षात नसतं. म्हणून इथले नियम ‘अभिप्राय’पेक्षा उलटे: फोटो साधाच पाठवायचा, डॉक्युमेंट म्हणून नाही. जागा सांगायची तर फक्त तालुका. घरट्याचे आणि पिल्लांचे फोटो नाहीत. पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावलं असेल तर तो फोटोही नाही. कवडीपाट, पाषाण तलाव, भिगवण ही पक्षी बघायची ठिकाणं सगळ्यांना माहीतच आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पण भिगवणला नावाडी फ्लेमिंगोंच्या अंगावर नाव घालत असेल तर त्याला थांबवायचं, ‘उडताना छान येतात’ म्हणून आणखी पुढे घ्यायला सांगायचं नाही. विषय वेगळा म्हणून नव्हे, नियम वेगळे म्हणून हा विभाग वेगळा. उद्या आणखी एखाद्या विषयाला स्वतःचे नियम लागले तर त्यालाही खोली द्या.

खरेदी-विक्री वेगळी काढायचं कारण पैसा. बिल, शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा) आणि लेन्समधून आरपार टॉर्च मारून काढलेला फोटो याशिवाय जाहिरात घ्यायची नाही. तो टॉर्चवाला फोटो लेन्समधली फंगस, म्हणजे बुरशी, दिसावी म्हणून. आपल्याकडे दर पावसाळ्यात ताम्हिणी नाहीतर राजमाची करून आलेली बॅग तशीच कपाटात जाते आणि दिवाळीत लेन्समध्ये जाळी दिसते. (लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे. हा प्रश्न ‘विचारा’मध्ये दर जूनला येतो, उत्तर पिन करून टाका.) सामान हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत आणि व्यवहाराला ॲडमिन जबाबदार नाहीत, हेही वर लिहून ठेवा.

भटकंतीत फार काही नाही. प्रत्येक सहलीचा तात्पुरता ग्रुप काढा, ‘कवडी, रविवार’ असा, आणि हिशेब मिटला की बंद करा. कोण कोणाच्या गाडीत याची चर्चा दोनशे लोकांनी वाचायची गरज नाही. कट्ट्याला मात्र कमी लेखू नका. गुड मॉर्निंग, विनोद, कोणत्या मंडळाची मिरवणूक कुठे पोचली, सगळं तिकडे. कट्टा नसेल तर हे सगळं अभिप्रायमध्ये येऊन बसतं.

किल्ला, मॅक्रो, पोर्ट्रेट शोधायचे कसे, तर कॅप्शनमधून. ठरावीक पंधरा-वीस शब्दांची यादी करा आणि फोटोसोबत त्यातला एक तरी लिहायला सांगा. कोणी ‘किल्ला’ देवनागरीत लिहितो, कोणी रोमनमध्ये, कोणी ‘गड’ म्हणतो. एकच रूप ठरलेलं असलं तरच सर्चमध्ये सापडतं.

आता ॲडमिन मंडळींना पटवायचं. वाद घालू नका. ग्रुपवरचे गेल्या महिन्याचे मेसेज घ्या आणि दोन ॲडमिनना वेगवेगळे बसवून प्रत्येक मेसेज त्यांच्या चौदातल्या एकेका विभागात टाकायला सांगा. मग दोघांच्या याद्या शेजारी ठेवा. जिथे दोघांचं एकमत होत नाही, तो विभाग सभासदांनाही कळणार नाही. हेच वरच्या सातांसाठीही करून बघा, मी म्हणतो म्हणून मान्य करू नका. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी काही विकतच नसेल तर सहाच ठेवा.

त्यानंतर उरलेल्या प्रत्येक विभागापुढे सांभाळणाऱ्याचं नाव लिहायला लावा. रोज बघणार, चुकीच्या जागी आलेलं हलवायला सांगणार, भांडण झालं तर मध्ये पडणार असा माणूस. नाव नाही तर विभाग नाही. निकॉनपुढे बहुधा कोणी सही करणार नाही. मॅक्रोपुढे एखादा करेल, कारण पावसाळ्यात टेकडीवर पोटावर झोपून चतुर आणि कोळी टिपणारे वेडे पुण्यात पुष्कळ आहेत. असा माणूस मिळाला तर त्याला त्याचा विभाग देऊन टाका, माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून.