वढवाण्याचे पक्षी, स्कोप आणि मोबाईल: काळं वर्तुळ का येतं?

तुमच्या तक्रारी तीन आहेत. 20-60×60 चा स्कोप (एका डोळ्याने बघायची दुर्बीण: 20 ते 60 पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 60 मिमीचं) घेतलात, त्याला मोबाईल अडकवायचा अडॅप्टरही घेतलात, पण बडोद्याजवळच्या वढवाणा तलावाच्या पाळीवरून काढलेल्या फोटोत भोवती काळं वर्तुळ येतं, पक्षी धूसर येतो, आणि झूम 60 वर नेला की सगळं थरथरतं. म्हणून आता 80 मिमीचा स्कोप घ्यावा का, असं विचारलंय. नका घेऊ. निदान या हिवाळ्यात तरी नाही.

आधी काळं वर्तुळ. आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बाहेर पडणारा प्रकाश काचेपासून ठरावीक अंतरावर एका बारीकशा ठिपक्यात गोळा होतो. मोबाईलचं भिंग नेमकं तिथे आणि नेमकं मधोमध यायला हवं. दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा चालत नाही. हे काम घरी करा, पाळीवर नाही. स्कोप 20 वर ठेवून उजळ भिंतीकडे वळवा, आयकप (आयपीसभोवतीची फिरणारी कड) पूर्ण खाली बसवा, मोबाईल लावा आणि आयकप हळूहळू वर फिरवत जा. एका जागी उजेडाचं वर्तुळ सगळ्यात मोठं दिसेल आणि त्याची कड चारी बाजूंनी सारखी रेखीव होईल. तिथे थांबा, स्क्रू आवळा आणि अडॅप्टरवर मार्करने खूण करून ठेवा. एका बाजूला सावली चंद्रकोरीसारखी दिसली तर समजा, मोबाईल सरकलाय. मोबाईलचं कव्हर काढूनच लावा. कव्हरसकट बसवला की जाडीतच अंतर जातं.

एवढं करूनही 20 वर थोडं काळं वर्तुळ राहणारच. झूम आयपीसमध्ये कमी झूमला दृश्याचा घेर अरुंद असतो, त्यात तुमचा काही दोष नाही. मोबाईलवर दोन बोटांनी किंचित झूम केलं की ते निघून जातं. पण इथे एक मेख आहे. बऱ्याच फोनमध्ये 2× किंवा 3× ला कॅमेरा आपोआप दुसऱ्या भिंगावर जातो, ते भिंग आयपीससमोर नसतं, आणि स्क्रीन एकदम काळी होते. लोकांना वाटतं अडॅप्टर बिघडला! प्रो मोडमध्ये मुख्य भिंग पक्कं करता येत असेल तर करा, नाहीतर त्या आकड्याच्या अलीकडेच थांबा.

आता 60 चा मोह. 60 मिमीच्या स्कोपमधून 20 वर बाहेर येणारा प्रकाशाचा झोत 3 मिमी जाडीचा असतो, 60 वर फक्त 1 मिमी. म्हणजे प्रकाश एक नवमांश. मोबाईल तो भरून काढायला शटर मंद करतो आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढवतो. त्यात थरथर तिप्पट मोठी दिसते. तुमची धूसर चित्रं इथून येतात. शिवाय मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण 24-26 मिमीच्या भिंगाएवढा धरला, तर 20 पटीने 500 मिमीच्या लेन्सच्या आसपास जाता. आणखी किती हवंय? 20 ते 30 मध्ये राहा, पुढचं काम क्रॉपवर सोडा.

थरथरीचा दुसरा निम्मा भाग ट्रायपॉडचा. मधला दांडा वर काढू नका. मोबाईल लावल्यावर वजन मागे जातं, म्हणून स्कोप प्लेटवर थोडा पुढे सरकवा. शटरला बोट लावू नका; 2-3 सेकंदांचा टायमर, इअरफोनचं व्हॉल्यूमचं बटण किंवा छोटा ब्लूटूथ रिमोट, काहीही चालेल. फोकस आधी स्कोपच्या चाकाने करायचा, मग स्क्रीनवर बोट दाबून धरून लॉक करायचा. सरावासाठी बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या कठड्यापाशी उभे राहा आणि मधल्या महादेवाच्या मूर्तीवर फोकस जमवा. 111 फुटी मूर्ती, उडून जात नाही. चमकदार असल्यामुळे एक्स्पोजर खाली ओढायची सवयही तिथेच लागते, जी पुढे बगळ्यांना उपयोगी पडते. एचडीआर (अनेक फोटो जोडून एक करणारी सोय) बंद ठेवा, हलत्या पक्ष्याला दुहेरी कडा येतात.

वढवाण्यात वेळ महत्त्वाची. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी केलेलं हे पाणी उथळ आणि पसरट आहे. 2021 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलते, आणि मग लाखाचा स्कोपही तेच दाखवतो. दूरचे पक्षी सकाळी लवकर उरकून घ्या. नंतर पाळीजवळचे वारकरी, शेकाटे, कमळपक्षी यांच्याकडे वळा. तिथे मधली हवा कमी असते. सूर्य पाठीशी राहील अशीच जागा धरा.

आता माझं खरं मत. मोठ्या लेन्सवाल्यांसारखं पिसन् पीस सुटं दिसणारं चित्र यातून काढायला जाल तर हिरमोड होईल. ही पद्धत ओळख पटवण्यासाठी आहे आणि त्यात ती फार तगडी आहे. ग्रीन सँडपायपर की वूड सँडपायपर (दिसायला सारखेच पाणपक्षी), यावर पाळीवर वाद घालत बसण्यापेक्षा 4के व्हिडिओ चालू करा. पक्षी उडाला की एखाद्या फ्रेममध्ये पंखाची खालची बाजू सापडते: गडद असेल तर ग्रीन, फिकट असेल तर वूड. बसलेला असेल तर भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, बघा. वूडची डोळ्याच्या बरीच मागे जाते.

आणि पट्टकादंबांचा (बार-हेडेड गूजचा) थवा दिसला तर डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या टिपून लगेच पुढे जाऊ नका. एकेकाची मान बघत जा. मंगोलियात या पक्ष्यांच्या मानेत अक्षरं-आकडे लिहिलेले रंगीत पट्टे घातले गेले आहेत आणि तसे पक्षी भारतात दिसलेही आहेत. पट्टा दिसला तर फोटोऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. पक्षी चरताना मान फिरवतो, तेव्हा अक्षरं पूर्ण वाचता येतात. पट्ट्याचा रंग, अक्षरं, तारीख, वेळ लगेच लिहून ठेवा. जवळून वाचावं म्हणून पाळ उतरून चिखलात जाऊ नका, थवा उठेल.

फोनचं मॉडेल लिहिलं नाहीत. कळवलंत तर भिंग कसं लॉक करायचं ते सांगतो. आणि चष्मा असेल तर तेही सांगा, कारण डोळ्याने पाहताना आयकप वेगळ्या जागी ठेवावा लागेल. मार्करच्या दोन खुणा कराव्या लागतील.