रात्री दोनची बाटली

प्रिय मैत्रीण,

तुमचे पत्र दूध आटत चालल्याच्या भीतीने भरलेले आहे. बाळ सात आठवड्यांचे आहे, संध्याकाळी ते घटकाघटकाला पाजायला मागते, स्तन पूर्वीसारखे भरून येत नाहीत आणि पाजून झाल्यावर पंप लावला तर जेमतेम 40 मिलिलिटर दूध निघते, हे सारे तुम्ही तपशीलवार लिहिले आहे. पत्राच्या शेवटी मात्र, आभार मानावेत अशा सुरात, एक वाक्य येऊन जाते: गेले दहा दिवस रात्री दोन वाजता तुमचे पती उठून बाळाला पावडरच्या दुधाची बाटली पाजतात आणि तुम्हाला अकरापासून सहापर्यंत सलग झोप मिळते. दूध कमी पडत असल्याची शंका तुम्हाला आली तीही याच दहा दिवसांत.

पतींच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्यांचे कौतुक मी करणार नाही. ही बाटली डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती आणि बाळाला तिची गरजही नव्हती. जन्मताना 2.9 किलो असलेले बाळ पाचव्या आठवड्याअखेर, केवळ अंगावरच्या दुधावर, 4 किलोचे झाले होते. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वाढ समाधानकारक मानली जाते. तुमचे बाळ त्याच्याही थोडे पुढे होते. ते बाटली संपवते म्हणून भुकेले असते, असा निष्कर्ष घरात कोणी काढत असेल तर तो काढू देऊ नका. बाटलीतून दूध सहज वाहते आणि तोंडात आलेले निपल या वयाचे बाळ चोखतेच.

बाळ जितके ओढते तितके दूध शरीर तयार करते. स्तन बराच वेळ भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि तो वारंवार रिकामा झाला की वाढतो. त्यातच दूध तयार करायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणजे ज्या वेळी पाजण्याचा सर्वाधिक उपयोग व्हायचा, नेमक्या त्याच वेळी सात तास तुमच्या शरीराला दुधाची मागणी नाही असा निरोप जातो. पहाटे स्तन टणक झालेले असतात आणि कपडे भिजलेले असतात, असे तुम्हीच लिहिले आहे. त्या दुधाला रात्री दोनला गिऱ्हाईक होते, पण ते बाटलीकडे वळवले गेले.

बाकीच्या काळज्या मला फार वेळ थांबवत नाहीत. सहा आठवड्यांच्या सुमारास स्तन मऊ वाटू लागतात, कारण दुधाचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळू लागते. संध्याकाळी लागोपाठ पिणे या वयात नेहमीचेच असते. आणि यंत्राला बाळासारखे दूध ओढता येत नाही, त्यामुळे पंपात काय साठले यावरून बाळाच्या पोटात काय गेले ते कळत नाही.

तेव्हा आज रात्रीपासून दोनची बाटली बंद करा आणि त्या वेळी बाळाला अंगावर घ्या. पतींनी अवश्य उठावे. बाळाला तुमच्याजवळ आणावे, पाजून झाल्यावर ढेकर काढावी, लंगोट बदलावा आणि त्याला झोपवावे. सकाळचे पाजणे झाले की दोन तास बाळ त्यांनी सांभाळावे आणि तुम्ही दार लावून झोपावे. तुम्हाला झोप हवीच आहे, ती मी तुमच्याकडून काढून घेत नाही. फक्त तिची वेळ बदलायला सांगते आहे. हे त्यांना वाईट वाटेल म्हणून टाळू नका. दहा दिवस तुम्ही त्यांचे मन सांभाळलेत आणि दोष स्वतःच्या शरीराला दिलात, याचेच मला अधिक वाईट वाटते.

चोवीस तासांत किमान आठ वेळा पाजणे होऊ द्या, बाळ सहा किंवा अधिक वेळा भरपूर शू करते ना ते पाहा आणि आठवड्याने त्याच काट्यावर वजन करून घ्या. वजन नीट वाढले नाही, शू कमी झाली, बाळ मलूल वाटले किंवा पाजताना तुम्हाला वेदना होऊ लागल्या, तर थांबून न राहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि बाळ स्तन नीट तोंडात धरते का, हे त्यांच्यासमोर पाजून तपासून घ्या.