बागेत मांजरांचा उच्छाद : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरापुढं छोटी बाग केलीय, मेथी, कोथिंबीर, थोडी मिरची, कडेला तुळस आणि चार गुलाब. गल्लीत पाच-सहा मांजरं फिरतात, कुणाचीच नाहीत म्हणजे सगळ्यांचीच. सकाळी बघावं तर पेरलेला वाफा उकरलेला, धने वर आलेले आणि मध्ये घाण. वास असा की संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायची सोय नाही. मिरचीपूड टाकून झाली, डांबरगोळ्या टाकून झाल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर मांजर त्या बाटलीलाच अंग घासून जातंय. शेजारचे म्हणतात औषध घाला, पण ते मला करायचं नाही. काय करू?

उत्तर : औषध घालणार नाही म्हणालात हे लै बरं केलंत. पाप-पुण्य बाजूला ठेवा, तो सरळ गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला विष घालून मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय एक मांजर गेलं की रिकाम्या जागेत दुसरं येतं, म्हणजे त्रास आहे तिथंच.

आता डांबरगोळ्या आजच्या आज वेचून काढा. खायच्या मेथीत नॅप्थलीन कशाला? मांजराला विषारी आहे आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांनाही. मिरचीपूड पंजाला लागते, मांजर पंजा चाटतं, तोंडावरून फिरवतं, मग डोळ्यांची आग आग, आणि पुढच्या वेळी पाणी घातलं की पूड वाहून जाते, मांजर परत हजर. फिनेलही नको, त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाहीत आणि झाडाची मुळंही जळतात. लाल बाटल्यांचं काय सांगू, मांजराला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही हो!

मूळ मुद्दा मातीचा आहे. मांजराला कोरडी, भुसभुशीत, पंजानं सहज उकरता येईल अशी माती लागते, करायचं आणि झाकून टाकायचं. आपली सोलापूरची काळी माती वाळली की दगड होते, भेगा पडतात, तिथं मांजर कशाला जाईल? पण आपण हौसेनं त्यात वाळू, कोकोपीट, शेणखत घालून चाळून मऊसूत करतो. आजूबाजूला बघा, सगळीकडं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक नाहीतर शहाबादी. अख्ख्या गल्लीत मऊ जागा एकच, तुमचा वाफा. म्हणजे तुम्ही गल्लीतल्या मांजरांना सार्वजनिक संडास बांधून दिलाय आणि वर रोज साफही करताय. मांजराला हाकलत बसू नका, त्याला उकरता येणार नाही अशी माती करा.

कोथिंबिरीचाच वाफा जास्त का उकरला जातो बघा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, धने आठ-दहा दिवस किंवा जास्तच घेतात, तेवढे दिवस माती उघडी आणि मोकळी. पीक दाट झालं की मांजराला बसायला जागाच उरत नाही, मग ते फिरकत नाही. तेव्हा पेरल्यापासून दाट होईपर्यंतचा काळ सांभाळायचा. त्याला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कोंबडीजाळी, इंचभर भोकाची. पेरून पाणी दिलं की मातीवर आडवी अंथरा, कडा आत दुमडा म्हणजे तारा हाताला लागत नाहीत, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा. रोपं भोकांतून वर येतात. दोन-तीन इंच झाली की जाळी हळूच उचलायची, फार वाढल्यावर काढायला गेलात तर रोपंच उपटून येतील.

जाळीवर खर्च करायचा नसेल तर गावाकडं कुणी असेलच की! मंगळवेढ्याकडं शाळू निघाला की रानात धसकटं पडलेली असतात, एक पोतं मागवून घ्या. वीत-वीतभराचे तुकडे करून चार-चार बोटांवर मातीत उभे खोचायचे, मोकळा टप्पा कुठं सोडायचा नाही, सोडला की मांजर नेमकं तिथंच बसतं. गुलाबाच्या आणि मिरचीच्या बुडाशी डाळिंबाच्या छाटणीच्या फांद्या आडव्यातिडव्या टाका, आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. बाभळीचे काटे मात्र नको, आपल्याला मांजराचा पाय फाडायचा नाही, आणि खुरपताना तो काटा तुमच्याच हातात घुसणार. कुंड्यांसाठी तर फुकटातलं काम, नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून माती झाकून टाका, ओलही टिकते. उसाचं पाचट टाकायचं तर लांब आणि जाड थरात टाका, बारीक कुट्टी करून टाकलंत तर मांजर त्यावर ऐसपैस झोपेल.

ओली माती मांजराला आवडत नाही, म्हणून वाफ्याला पाणी सकाळी देण्याऐवजी संध्याकाळी द्या, त्यांचा फिरायचा वेळ तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतचा. आता तुम्ही म्हणाल ताई, आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं! खरंय, पण भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडायला पुरतं.

गवती चहा लावा, वासानं मांजर येत नाही, असं बरेच जण सांगतात. मांजर गवती चहा आवडीनं चावून खातं, त्यामुळं चहासाठी लावायचा तर लावा. संत्र्याच्या साली, कॉफीचा चोथा याचा वास एक-दोन दिवस राहतो, सोलापूरच्या उन्हात तेवढाही नाही.

अजून एक सांगते, पटकन नाही म्हणू नका. बागेच्या लांबच्या कोपऱ्यात, सावलीत, दोन बाय दोन फुटांचा वीतभर खोल खड्डा करून त्यात कोरडी वाळू भरा. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर मांजरं कशी जातात बघितलंयत ना, तेच. वाफ्यातली थोडी घाण उचलून पहिल्यांदा त्या वाळूत टाका म्हणजे त्यांना जागा कळते. वाफा बंद आणि वाळू चालू, दोन्ही एकदमच करा, नुसता वाफा बंद केलात तर शेजारच्यांच्या कुंड्यांवर संक्रांत येईल आणि भांडण तुमच्या दारात. वाळूतली घाण रोज खुरप्यानं काढून पिशवीत बांधून घंटागाडीत द्यायची. शेणाचं खत होतं म्हणून हेही कंपोस्टमध्ये टाकू, असं करू नका.

आणि गल्लीत कुणी मांजरांना दूध ठेवतंय का ते जरा बघा. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. काकूंचं पुण्य आणि तुमचा वाफा! प्रेमानं सांगा, ठेवायचंच तर पाणी ठेवा.

प्रश्न : आमचं सोलापूरच्या पूर्व भागात जुनं घर आहे. एक बोका रोज दारावर आणि गाडीच्या सीटवर शेपूट वर करून फवारा मारून जातो. व्हिनेगरनं पुसलं तर शहाबादी फरशीवर पांढरे डाग पडले, वास तसाच.

उत्तर : हे लघवीला लागली म्हणून नसतं, ही जागा माझी आहे अशी पाटी लावणं असतं, म्हणून उभ्या जागी मारतो. त्याला जाळी, धसकटं काही उपयोगाची नाहीत. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं हे खूप कमी होतं किंवा थांबतं. गल्लीत चार घरांनी वर्गणी काढून जनावरांच्या डॉक्टरांशी बोला, आणि मांजरींचंही करून घ्या, कारण पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की तीही गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते, मग मोजत बसा.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर व्हिनेगर, लिंबू, ॲसिड काहीही आंबट पडलं की दगडच खाल्ला जातो, ते डाग घासून जाणार नाहीत. साबणाच्या पाण्यानं धुवा, वर खायचा सोडा भुरभुरवून वाळू द्या. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, वास मुळापासून काढायला तेच चांगलं. ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, बोक्याला वाटतं दुसरा बोका येऊन गेला, आणि तो अजून जोरात मारतो. गाडीवर रात्री कव्हर घाला.

प्रश्न : सून गरोदर आहे, तिला बागेची आवड. मांजराच्या घाणीमुळं बाळाला धोका असतो म्हणतात, बाग बंदच करायची का?

उत्तर : बाग बंद नको, मातीत हात घालायचं काम तेवढं दुसऱ्यानं करा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असतो. मांजराला त्याची पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे त्याची अंडी विष्ठेतून पडतात, ती पडल्या पडल्या बाधत नाहीत, बाधायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून घाण रोजच्या रोज उचलायची. ओलसर सावलीच्या मातीत मात्र ती महिनोन्महिने टिकतात. सुनेला कुंडीत हात घालायचाच असेल तर रबरी हातमोजे, नंतर साबणानं हात. बागेतली पालेभाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवायची, मेथी शिजते त्यामुळं काळजी कमी, पण वरून घालायची कोथिंबीर आणि चहातली तुळस या दिवसांत उघड्या वाफ्यातली नको, जाळीखालच्या कुंडीतली घ्या. मटण-चिकन अर्धकच्चं खाऊन पण हाच रोग होतो, ते नीट शिजवा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, घराभोवती मांजरं आहेत म्हणून, रक्ततपासणी लागते का ते ठरवतील.